एप्रिलची काडी, घोटीचं दार

द्राक्षबागांची एप्रिलमधली खरड छाटणी लागली की नाशिकच्या निफाड-पिंपळगाव पट्ट्यात तिन्हीसांजेला बांधाबांधावरून धूर उठतो. वर्षभर जिला औषधं मारली, बांधलं, जपलं, तीच काडी ढीग करून पेटवली जाते. निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी गटाने ठरवलं की आपली काडी जाळायची नाही, तिचे पार्टिकल बोर्ड, म्हणजे भरडलेला माल ग्लू लावून दाबलेले फळे, करायचे. मी बरीच वर्षं बोर्डच्या कारखान्यात प्रेसवर, म्हणजे बोर्ड दाबायच्या यंत्रावर, काढली आहेत, म्हणून ते माझ्याकडे आले. गटाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, त्यांनी गोणीभर काडी माझ्या ओट्यावर ओतली आणि विचारलं, "भाऊ, याचं आठ बाय चार निघंल का?"

या प्रश्नामागे दोन एप्रिल गेले. काय बिघडलं आणि कशाने सुधारलं ते इथे सविस्तर मांडतो, कारण असा विचार करणारे गट आता भेटू लागले आहेत आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न "प्रेस केवढ्याला मिळते" हा असतो. प्रेसचा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. बोर्ड चांगला निघणार की फुटणार हे खळ्यावर, काडी वाळवतानाच ठरतं.

काडीच का

जिल्ह्यात इतर माल नाही असं नाही. उसाचा बगॅस, म्हणजे रस काढल्यावरचं चिपाड, बोर्डासाठी जुना आणि नावाजलेला कच्चा माल आहे, अमेरिकेत लुइझियानामध्ये सेलोटेक्सचे बोर्ड 1920 च्या दशकापासून त्याचेच होत. पण 100 टन ऊस गाळला की 28-30 टन बगॅस निघतो, त्यात निम्मं पाणी असतं आणि कारखाना तो स्वतःच्या बॉयलरला घालतो. सहवीजनिर्मिती आल्यापासून तर त्याला कचरा म्हणायची सोयच राहिली नाही. मालेगाव-येवल्याकडची पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, लाकडाच्या खूप जवळची. तिच्यापासून बोर्ड करण्याचं तंत्र मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने विकसित केलेलं आहे, आणि ज्याच्या भागात कपाशी आहे त्याने आधी तिकडेच बघावं. घोटीच्या भात गिरण्यांचं तूस आम्ही एका बैठकीतच बाजूला ठेवलं. त्यात सिलिका भरपूर, वरचा थर मेणचट, त्यावर नेहमीचा ग्लू धरत नाही आणि कटरची धार बोथट होते.

गटातल्या कोणाकडेच ऊस नव्हता, कपाशीही नव्हती. बाग मात्र प्रत्येकाकडे होती. दुसऱ्याच्या मालावर कारखाना उभा करणारा गट पहिल्या भाववाढीलाच अडचणीत येतो, म्हणून काडी.

पण सगळी काडी उचलू नये, हे मी पहिल्याच बैठकीत सांगितलं. ज्यांच्याकडे ट्रॅक्टरचं श्रेडर आहे आणि जे काडीचा भुगा करून सरीतच टाकतात, त्यांनी तेच करत राहावं. जमिनीला सेंद्रिय कर्बाची गरज बोर्डापेक्षा मोठी आहे. आपण घ्यायची ती फक्त पेटवली जाणारी काडी. खोडकिड्याची किंवा मिलिबगने भरलेली काडी मात्र गटाच्या खळ्यावर आणायचीच नाही, नाहीतर एकाच्या बागेतली पीडा सगळ्यांच्या दारात यायची.

काडी हातात घेऊन

त्या दिवशी ओट्यावर मी एक काडी धारदार चाकूने आडवी कापली आणि आप्पांना भिंग दिलं. बाहेर तपकिरी साल, तिच्या दोरीसारख्या पट्ट्या निघतात. आत फिकट पिवळसर लाकडाचं कडं, चिवट आणि चांगलं. मधोमध मऊ, तपकिरी, स्पंजासारखा गर. थॉमसनची जाड काडी घ्या की सोनाकाची, तीन थर ठरलेले.

बोर्डाला यातलं फक्त मधलं कडं हवं असतं. गर ग्लू पितो आणि ताकद काहीच देत नाही. साल हॅमर मिलमध्ये, म्हणजे भरडायच्या यंत्रात, नीट तुटत नाही, तिचे लांब धागे होऊन शाफ्टला गुंडाळतात. शिवाय सालीवर वर्षभराचं बोर्डो (मोरचूद-चुन्याचं औषध) आणि गंधक बसलेलं असतं. ग्रीसमध्ये द्राक्षकाडीपासून बोर्ड करून पाहिल्याचं काम 2002 मध्ये प्रसिद्ध झालं आहे. तिथेही गराचा त्रास झालाच होता. तेव्हा हा नाशिकच्या बागेचा दोष नाही, वेलीची ठेवणच तशी आहे.

यावर उपाय सरळ आहे. काडी भरडायची, मग चाळायची. गर ठिसूळ असल्यामुळे त्याचा चुरा होतो आणि बारीक चाळणीतून खाली पडतो. सालीचे धागे वरच्या चाळणीवर राहतात. मधे उरतो तो खरा माल. भरडलेल्या कोरड्या मालातला पाचवा ते चौथा हिस्सा असा निघून जातो, आणि ही घट पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावी लागते. गटाने ती धरली नव्हती.

हिशेब असा. आठ बाय चार फुटांचा, 18 मिलिमीटरचा बोर्ड. घनमीटरला 680 किलो घनता धरली तर त्याचं वजन साडेछत्तीस किलोच्या आसपास येतं. त्यातला ग्लू आणि ओल वजा केली की कोरडा माल सुमारे 31 किलो. चाळणीतली घट धरली तर 40 किलो कोरडी काडी लागते, आणि ताज्या काडीत निम्मं पाणी असतं, म्हणजे बांधावरची 80 किलो ओली काडी. एका बोर्डाला. आप्पांनी हा आकडा वहीत लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या. मोकळी काडी ट्रॉलीत डोंगरासारखी भरली तरी काट्यावर एक टनही उतरत नव्हती, त्यामुळे पाच-सात किलोमीटरच्या पलीकडून ती आणणं म्हणजे डिझेल भरून हवा वाहणं. दुसऱ्या वर्षी ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर (पीटीओवर) चालणारं, काडीचे तुकडे करणारं चिपर बागेतच नेलं आणि चिप्स पोत्यांत भरून आणल्या.

पहिलं वर्ष

पहिल्या वर्षी उत्साह मोठा होता आणि घाईही. काडी मे महिन्यात गोळा झाली, आप्पांच्या मळ्यातल्या शेडच्या भिंतीला लागून रचली गेली. एक वळीव येऊन गेला. वरून ढीग दोन दिवसांत सुकला, हाताला खडखडीत लागत होता. आम्ही जूनमध्ये भरडायला घेतला.

ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये दोन बाय दोन फुटांची गरम प्रेस होती, ती भाड्याने घेतली. चिप्स भरडल्या, चाळल्या, ड्रममध्ये फिरवत फिरवत युरिया फॉर्माल्डिहाइड ग्लू फवारला, हार्डनर म्हणून नवसागर घातला. साच्यात थर सारखा केला. प्लेट 160 अंशांवर होत्या. दाब दिला, सात मिनिटं धरली. गटातली दहा-बारा माणसं भोवती उभी होती, बायका पदर नाकाला लावून. प्रेस उघडली आणि फटाका फुटावा तसा आवाज झाला. बोर्डाचं पोट मधोमध फुगलं आणि बाजूने फाटलं. आतून वाफ निघत होती. गटातल्या एक ताई म्हणाल्या, "अगंबाई, हे तर भाकरीवानी टम्म फुगलं."

त्यांनी दिलेली उपमा तंतोतंत खरी आहे. भाकरी फुगते ती आतल्या पाण्याच्या वाफेने. बोर्डाचं तसंच होतं. 160 अंशांच्या प्लेटांमध्ये थरातलं पाणी वाफ होऊन मध्याकडे सरकतं. प्रेस बंद असेपर्यंत दाबाने ती दबून राहते. प्रेस उघडताच तिला वाट हवी असते, आणि मधला ग्लू अजून कच्चा असेल तर ती थर फाडून बाहेर पडते. ग्लू स्वतः पाणी घेऊन येतो, कारण तो द्रवरूपच असतो. म्हणून ग्लू मारण्याआधी चिप्समध्ये तीन-चार टक्क्यांहून जास्त ओल चालत नाही. आमच्या चिप्समध्ये किती होती? मी त्याच दिवशी 100 ग्रॅम चिप्स ओव्हनमध्ये 103 अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवल्या. उरल्या 84 ग्रॅम. कोरड्या वजनावर 19 टक्के ओल. ढीग वरून खडखडीत होता, पण पोटात वळवाचं पाणी धरून बसला होता, तळाला बुरशीचा वासही येत होता.

त्या आठवड्यात आम्ही अकरा बोर्ड दाबले आणि सात फुटले. जे चार टिकले, त्यांच्या कडेला स्क्रू लावला तर तो जागच्या जागी फिरत राहिला. एक तुकडा बादलीत दोन तास बुडवून ठेवला, 18 मिलिमीटरचा 23 झाला. भारतीय मानक 3087 मध्ये पार्टिकल बोर्डाची घनता घनमीटरला 500 ते 900 किलो आणि ओल 5 ते 15 टक्के सांगितली आहे. आमचा बोर्ड त्या आकड्यांत बसत होता. पण त्याच मानकात फुगण्याची आणि स्क्रू धरण्याचीही कसोटी असते, आणि तिथे तो उभा राहत नव्हता. घनता आणि ओल दाखवून गिऱ्हाइकाला माल देता आला असता. गटाने तसं केलं नाही याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

खळं

दुसऱ्या वर्षाचं सगळं काम खळ्यावर झालं. नाशिकच्या द्राक्षपट्ट्याला निसर्गाने एक सोय दिली आहे आणि ती वापरायची अक्कल आम्हाला एक वर्ष घालवून आली. खरड छाटणी एप्रिलमध्ये होते. ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, एकेक डोळा राखून मागच्या हंगामाची सगळी काडी निघते, म्हणजे वर्षातला सगळ्यात जास्त आणि सगळ्यात पक्व माल याच वेळी हातात येतो. आणि त्याच्या पुढचे सहा-सात आठवडे निफाडचं कोरडं ऊन असतं. गोड छाटणी ऑक्टोबरात, तेव्हा नुसते शेंडे निघतात, तेही परतीच्या पावसाच्या ओलीत. तेव्हा वर्षाचा माल एप्रिल ते जूनचा पहिला आठवडा एवढ्यातच गोळा करून, वाळवून, पोत्यात शिवून छपराखाली जायला हवा. हे साधलं तर महागड्या ड्रायरचं निम्म्याहून जास्त काम सूर्य करतो. हे चुकलं की लाकूड जाळून ती ओल हाकलावी लागते आणि धंदा तिथेच तोट्यात जातो.

बेदाण्याच्या शेडसारखी जाळी ताणून पाहिली, पण चिप्स खाली गळायच्या. शेवटी सारवलेल्या खळ्यावर ताडपत्री, त्यावर चार बोटं जाडीचा थर आणि दिवसातून तीन वेळा दाताळ्याने फेर, हे जमलं. संध्याकाळी ढीग करून झाकायचं, कारण पहाटेचा गारवाही ओल देतो. आभाळ आलं की धावपळ. एकदा दुपारी चारला पिंपळगावकडून काळं आलं तेव्हा गटातल्या बायकांनी सगळं खळं अर्ध्या तासात आवरलं. त्या वेळी प्रेसचा तज्ज्ञ म्हणून मी नुसता ताडपत्रीचं टोक धरून उभा होतो. खरं कसब त्यांच्या हातात होतं.

भाकरीची उपमा देणाऱ्या ताईंकडेच ओल मोजायचं काम दिलं. शेडमध्ये छोटा ओव्हन आणि सोनाराकडे असतो तसा काटा. रोज चार कोपऱ्यांतून आणि मधून मूठमूठ चिप्स घ्यायच्या, मिसळायच्या, 100 ग्रॅम तोलायच्या, वाळवायच्या, पुन्हा तोलायच्या आणि भिंतीवरच्या फळ्यावर आकडा लिहायचा. 38, 27, 19, 14. नऊच्या खाली आल्याशिवाय पोतं शिवायचं नाही, हा नियम त्यांनीच घातला आणि आप्पांनासुद्धा मोडू दिला नाही. नऊवरून तीन-चारवर आणायला मग गरम हवेचा साधा ड्रम पुरला.

तारेचा तुकडाही खळ्यावरच सापडायला हवा, हे आम्ही महागात शिकलो. मांडवाच्या जीआय तारेचे तुकडे, सुतळी, प्लास्टिकची बांधणी, सगळं काडीबरोबर येतं. पहिल्या वर्षी बोटभर तारेने हॅमर मिलची जाळी फाडली आणि दोन दिवस गेले. आता चिपरच्या आधी हाताने निवडणं, आणि भरड पडते त्या पन्हाळीवर जुन्या स्पीकरमधली चुंबकं. सुतळी चुंबकाला लागत नाही, ती डोळ्यानेच वेचायची.

ग्लू आणि डोळे

पहिल्या वर्षी प्रेसजवळ सगळ्यांच्या डोळ्यांची आग होत होती, नाकातून पाणी येत होतं. कारखान्यात राहून मला त्या वासाची सवय झाली होती, आणि अशी सवय होणं ही चांगली गोष्ट नाही. तो वास फॉर्माल्डिहाइडचा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये त्याला माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे बायका लेकरं घेऊन कामाला येतात, तिथे हे दुर्लक्षून चालणार नव्हतं. दुसऱ्या वर्षी कमी फॉर्माल्डिहाइडचा ग्लू घेतला, प्रेसच्या वर हूड आणि पंखा बसवला, लेकरांना शेडबाहेर सावली करून दिली. भरडताना उडणाऱ्या धुळीत सालीवरचं तांबं आणि गंधक असतं, म्हणून मिलपाशी मास्क सक्तीचा.

आयसोसायनेटचा ग्लूही पाहिला. त्यात फॉर्माल्डिहाइड नाही, लागतो कमी आणि पाण्याला तो चांगला टिकतो. पण महाग आहे, प्लेटला चिकटतो आणि कच्चा असताना त्याची वाफ छातीला वाईट. सध्या नाही.

चाळणीचा इथे दुसरा फायदा झाला. एका मोठ्या बोर्डाच्या 31 किलो मालाला दहा टक्के हिशेबाने सुमारे तीन किलो घन ग्लू लागतो, म्हणजे पाच किलो द्रव. पण मालात बारीक भुसा राहिला तर त्याच वजनाला पृष्ठभाग कितीतरी वाढतो आणि तोच ग्लू सगळीकडे पातळ पसरून कुठेच पुरत नाही. गर आणि भुसा काढल्यावर त्याच ग्लूत बोर्ड घट्ट झाला. ग्लूबरोबर एक टक्का मेणाचं इमल्शन घातलं. बादलीतला तुकडा आता 18 चा 20 वर थांबला.

आठ बाय चारचा नाद

बोर्ड सुधारला तसा आप्पांचा जुना प्रश्न परत आला. तेव्हा मी त्यांना पाटीवर गणित करून दाखवलं. चौरस सेंटीमीटरला 30 किलो दाब धरा. दोन बाय दोनच्या साच्याला साधारण 110 टनांची प्रेस लागते. आठ बाय चारला सुमारे 900 टन. तेवढी प्रेस, तिचा पाया, प्लेटा तापवायचा बॉयलर, आणि ती वर्षभर चालवायला लागणारा माल. गटाकडे माल सहा आठवड्यांचा. शिवाय बाजारात त्यांची गाठ मोठ्या कारखान्यांच्या लॅमिनेटेड बोर्डाशी, जिथे सुतार कडेला स्क्रू मारूनच माल पारखतो.

मग आम्ही प्रश्न उलटा धरला. कडेला स्क्रू लागत नाही, दोन्ही अंगांनी झाकलेला असतो आणि तुकड्यातुकड्याने चालतो, असा बोर्ड घरात कुठे लागतो? उत्तर पाथर्डी फाट्यावरच्या एका सुताराने दिलं: फ्लश दाराच्या पोटात. फ्लश दाराला कडेने लाकडाची चौकट असते, बिजागरी तिच्यात बसते, कुलपाच्या जागी लाकडी ठोकळा असतो, दोन्ही बाजूंनी प्लाय चिकटतो. मधे भरावच लागतो. 30 मिलिमीटरच्या दाराला दोन्हीकडे 3 मिलिमीटरचा प्लाय धरला की आत 24 मिलिमीटरची जागा. दोन बाय दोनचे तुकडे शेजारी शेजारी बसवले की झालं. घनता 550 पुरते, एक तुकडा जवळपास पाच किलोचा, आणि हलक्या बोर्डाला दाबही कमी लागतो. वाळवी आणि किडीपासून बचावासाठी भरावात बोरॅक्स-बोरिक मिसळलं, कारण काडीत पिष्ट असतं आणि किडीला ते आवडतं.

दार पारखायचं तर पावसात. निफाडचा पाऊस त्याला पुरेसा नाही. म्हणून पहिलं दार आप्पांच्या मेहुण्यांकडे, घोटीला, आतल्या खोलीला बसवलं. इगतपुरी तालुक्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जुलैत भिंतींना घाम येतो. मी दर रविवारी जाडी मोजायचं व्हर्नियर घेऊन जायचो. वर, मधे, कुलपापाशी, खाली, अशी चार मापं. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी वरची तिन्ही मापं जागेवर होती. खालचं दोन मिलिमीटरने वाढलेलं. वाकून पाहिलं तर कारण समोरच होतं. फरशी थोडी उंच होती, म्हणून बसवताना सुताराने दाराच्या खालच्या कडेला रंधा मारला होता. चौकटीची पट्टी तिथे जवळपास संपली होती, भराव उघडा पडला होता आणि त्यावर रंगाचा हातही फिरला नव्हता. फरशी पुसताना रोज पाणी लागत होतं. बाकी दार पावसाने हललं नव्हतं.

दार उतरवलं, आठवडाभर वाळू दिलं, खाली सागवानी पट्टी मारली आणि उलटं धरून कडेला दोन हात प्रायमर लावला. आता गटाच्या प्रत्येक दाराला खालची पट्टी दोन बोटं जाड असते, रंधा मारला तरी भराव उघडा पडू नये इतकी. दाराबरोबर सुताराला तोंडी सांगणंही जातं, की खालची कड रंगवल्याशिवाय बिजागरी आवळू नको.

परवा मळ्यावर गेलो होतो. छाटणी अर्ध्यावर आली आहे, बागेत चिपरचा आवाज आहे, आप्पांच्या बांधावर यंदा धूर नाही. शेजारच्या दोन बांधांवर आहे. शेडमध्ये फळ्यावर खडूने तारखा आणि आकडे, आणि शेवटच्या ओळीत 11. पोती दोरीसकट बाजूला घडी करून ठेवलेली. मी म्हटलं, आज शिवून टाकायची का, उद्या आभाळ यायचं म्हणतात. ताईंनी मूठभर चिप्स उचलून कानाशी खुळखुळवल्या, परत ताडपत्रीवर टाकल्या आणि दाताळं घेतलं.

"नऊ होऊ द्या, भाऊ."